मालकांना पटेल असा पक्ष

खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी माझं आडनाव विचारलं नाही, मांसमच्छी खाता का ते विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. अंगणातल्या लोखंडी पलंगावर मांडी घालून बसले होते. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "कोणत्या पक्षाचे?"

"कोणत्याच नाही."

"कावून?"

'कावून' म्हणजे 'का', एवढं मला कळलं. नोकरी नवी, गाव नवं. मी म्हणालो, "शिक्षक आहे मी. आम्हाला कुठला पक्ष?"

"मास्तरला मत न्हाई का? का सरकारनं काढून घेतलं?"

"आणि तुम्ही कोणत्या पक्षाचे?"

"मी शोधायलोय," ते म्हणाले. चेहऱ्यावर असं काही दुःख होतं, की एखाद्याला वाटावं यांचं दावणीचं जनावर सुटून गेलंय.

खोली मिळाली. पुढची बरीच वर्षं मी त्यांच्या माडीवर राहिलो आणि हा शोध फार जवळून पाहिला. त्यामुळे शोधणाऱ्याविषयीचा माझा आदर वाढला असं मी म्हणणार नाही. ज्या गोष्टीचा शोध चालला होता तिच्याविषयी तर मुळीच नाही.

गाव सिरसाळ्याचा बाजार करणारं. कालव्याचं पाणी, काळी जमीन, जिकडे बघावं तिकडे ऊस. मालकांचं रान कालव्याला लागून होतं. मुलगा पुण्याला, घरात मालक आणि काकू दोघंच. रान सालगडी बघायचा, घर काकू बघायच्या, त्यामुळे देशाकडे बघायला मालक मोकळे. ज्याला पहाटे उठून उसाला पाण्याची दारं धरावी लागतात त्याला इतकी तत्त्वं परवडत नाहीत.

तत्त्वं खरोखरच पुष्कळ होती. शेतमालाचा बाजार मोकळा पाहिजे, सरकारनं भावात नाक खुपसू नये. पण ऊस तोडणाऱ्याच्या म्हातारपणाची सोय कारखान्यानं केलीच पाहिजे. कुणाला काही फुकट देऊ नये, दवाखाना सोडून. पुढाऱ्यानं देवळात यावं, पण भाषण चपलांजवळ ठेवून यावं. पुढाऱ्याच्या पोराला तिकीट नको. दारूचं दुकान नको आणि दारूबंदीही नको, कारण बंदी आली की हप्ता आला. एकेक गोष्ट सुटी ऐकली तर शहाणपणाची वाटायची. सगळ्या मिळून एका डोक्यात मावत होत्या हेच नवल, पक्षात कुठून मावणार? ज्या पक्षाला बाजार पटायचा त्याला मजूर पटायचा नाही. ज्याला मजूर पटायचा त्याला मालकांचा ऊस डोळ्यांत सलायचा. आणि पोराला तिकीट न देणारा पक्ष तर मालकांना अख्ख्या हिंदुस्थानात सापडला नाही.

निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना मालक कधी दारातून परतवत नसत. आत बोलवायचे, बसवायचे, चहा सांगायचे. पाहुण्यानं चहा बशीत ओतला की मगच पहिला प्रश्न टाकायचे. भरलेली बशी हातात घेऊन माणसाला उठता येत नाही, हा त्यांचा अनुभव. अनेक उमेदवारांचा चहा मी त्या बैठकीत गार झालेला पाहिला आहे. पुढे पुढे उमेदवार आमची गल्ली सोडून जायला लागले.

माझी शाळा ज्या संस्थेची, तिच्या अध्यक्षांना सगळा तालुका साहेब म्हणायचा. आमच्या शाळेत शिकवणं हा जोडधंदा होता, मुख्य काम साहेबांचा प्रचार. शिक्षकांनी सभेला जायचं, टाळ्या वाजवायच्या आणि सतरंज्या गोळा करून परत यायचं. अशाच एका सभेला, तालुक्याच्या मंगल कार्यालयात, मी टाळ्यांसाठी गेलो असताना व्यासपीठावर आमचे मालक दिसले. पक्षप्रवेश करणाऱ्यांच्या रांगेत उभे. महिनाभर विचार करून त्यांनी साहेबांचा पक्ष निवडला होता. सगळ्यांत कमी नापसंत म्हणून.

साहेब एकेकाच्या गळ्यात उपरणं घालत होते, फोटो निघत होते, माणूस खाली उतरत होता. मालकांच्या गळ्यात उपरणं पडलं आणि त्यांनी शेजारच्याच्या हातातला माईक घेतला.

"माझा प्रवेश अटीवर हाय," ते म्हणाले.

लोक हसले. साहेबही हसले.

"पहिली अट. इथं जे बोललं जातंय ते झालं न्हाई, तर मी इचारणार. दुसरी अट. मी इचारल्यावर साहेबांनी पाहुणे आलेत म्हणून आत जायचं न्हाई."

तिसऱ्या अटीच्या वेळी माईक बंद झाला. निवेदकानं जेवण तयार असल्याचं सांगितलं आणि सभा मटणाच्या वासाकडे निघून गेली. मालक माईकशिवाय बोलत राहिले. समोर मी, मांडववाला आणि रिकाम्या खुर्च्या. शेवटी साहेब ताट हातात घेऊन आले. "मालक, अटी मागून बघू. आधी जेवा."

"जेवण सभेचं हाय का प्रवेशाचं?"

"म्हणजे?"

"प्रवेशाचं असंल तर मी अजून आत आलेलो न्हाई."

उपाशीच घरी आले आणि गार भाकरीवरून काकूंशी भांडले. भांडण असं नव्हतंच, काकू बोलत नसत. ताटात कांदा फोडून ठेवून त्या निघून गेल्या.

तरी साहेबांनी त्यांचं नाव पक्षात घातलंच आणि मालकांनी बरंच सोसून ते राहू दिलं. मग एका सकाळी टीव्हीवर साहेब दिसले. कालपर्यंत ज्यांना ते दरोडेखोर म्हणत होते, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. पक्षाचं नाव तेच, झेंडा जवळजवळ तोच, बाजू उलटी. मालक त्यांच्याबरोबर गेले नाहीत, आणि दुपारी गावभर झालं की मालकांनी पक्ष बदलला.

"मी जागचा हाललो न्हाई बे," मालक पारावर बसलेल्यांना सांगत होते. "मी बसलतो तिथंच हाय. पक्षच उठून गेला."

पारावरची माणसं मान हलवत होती. त्यांतली निम्मी साहेबांबरोबर उठून गेली होती, आणि आपण उठलो हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. तिकडचा माणूस बोलला की तिकडे आणि इकडचा बोलला की इकडे माना हलवायच्या, ही त्या पाराची जुनी सवय. मालक मात्र एकाच माणसाला तीच गोष्ट चार वेळा सांगायचे आणि लोकांना त्यांचाच कंटाळा यायचा.

त्या हिवाळ्यात सिरसाळ्याच्या बाजारात एका छोट्या पक्षाची तरणी पोरं ऊसतोड मजुरांवर बोलत होती. मालक ऐकत उभे राहिले आणि सवयीनं प्रश्न विचारला. त्या पोरानं उलटाच प्रश्न केला. "काका, तुमच्या फडात तोडीला येतात त्यांची लेकरं दिवसभर कुठं असतात?"

इतकी वर्षं ऊस जात होता, ही गोष्ट मालकांनी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी फडावर जाऊन त्यांनी फर्मान काढलं, उद्यापासून लेकरं फडात आणायची न्हाईत. धारूरकडची टोळी होती. एक बाई कोयता थांबवून म्हणाली, "मग कुठं ठेवू? तुमच्या माडीवर?"

"ठेव," मालक म्हणाले.

माडीवर मी राहत होतो. संध्याकाळी शाळेतून आलो तर माझ्या गादीवर उसाच्या चिपाडांचा ढीग आणि नाकं वाहणारी पोरं. मालक त्यांच्यासमोर उभे राहून मतदानाचा हक्क समजावून सांगत होते. सगळ्यांत मोठी मुलगी सात-आठ वर्षांची असेल. काकू खालून पातेलंभर खिचडी घेऊन आल्या, पोरांना हात धुवायला लावले आणि मालकांना म्हणाल्या, "सरका."

हंगाम संपेपर्यंत ती पोरं घरात होती. मालक रोज तासभर बोलायचे आणि उरलेला दिवस काकू बघायच्या. उवा, खरूज, ताप, मारामाऱ्या. मला संध्याकाळी पाटी धरायला बसवलं. महिन्याभरानं त्या छोट्या पक्षाची पोरं बॅनर घेऊन आली, माडीवर फोटो काढायला. मालकांनी त्यांना पायरीवरच अडवलं. "लेकरं माझ्या घरात हायत. तुमच्या पक्षात न्हाईत." झालं, तोही पक्ष संपला. मालकांनी हे सगळं तत्त्वासाठी केलं असं ते सांगायचे. मला विचाराल तर एका बाईनं चारचौघांत तोंडावर उलट विचारलं म्हणून केलं. पण झालं, हे खरं.

मग ते वर्ष आलं, जेव्हा जिल्ह्यातली माणसं आडनाव बघून चहा प्यायला लागली. कोणाच्या दुकानातून साखर घ्यायची, कोणाच्या गाडीत बसायचं, कोणाकडून केस कापून घ्यायचे, सगळं आडनावावर. देवळात मालकांच्या समाजाची बैठक झाली. ठरलं की पलीकडच्या आळीतल्या समाजाकडून काही घ्यायचं नाही आणि समाजाचं मत एकगठ्ठा, सांगतील त्या पक्षाला.

मालक उठले. "म्हंजे माझं आडनाव आधीच पक्षात गेलं? मला न इचारता?"

कुणीतरी खाली बसा म्हणालं. ते बसले नाहीत, सरळ पलीकडच्या आळीतल्या न्हाव्याकडे गेले आणि दाढीला बसले. सकाळीच घरी दाढी झाली होती. न्हाव्यानं गुळगुळीत गालावर वस्तरा फिरवला आणि घाबरून रस्त्याकडे बघत राहिला. गावात काहींनी याला हिंमत म्हटलं. मी त्या माणसाबरोबर राहत होतो. विरोध केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे, आणि त्या दिवशी अख्खं गाव एका बाजूला होतं, म्हणजे पंगतच वाढलेली. तरीही, देवळातून उठून जाणारे ते एकटेच होते. आम्ही बाकीचे, ज्यांना सगळं कळत होतं, सकाळपासून साखर कुठून आणायची याचा विचार करत होतो.

पंचायत समितीची निवडणूक लागली तेव्हा मालकांनी जाहीर केलं, आता पक्ष बस झाले, मी अपक्ष उभा राहतो. दोन दिवसांत कळलं की आमचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, बायकांसाठी राखीव सुटलाय. मालक दिवसभर येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी त्यांनी ठरवलं. काकू अंगणात तुरी पाखडत होत्या.

"तुला उभी करतो," मालक म्हणाले. "अपक्ष."

"मला उभी करायला मी काय खांब हाय?" काकू म्हणाल्या आणि पाखडत राहिल्या.

मी तिथं आल्यापासून त्यांना इतकं लांब वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. मालकांनाही ते नवंच असावं. बायकांनी स्वतःच्या बुद्धीनं चालावं हे त्यांचं एक तत्त्व होतंच, ते त्यांना तेव्हा आठवलं आणि ते आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हिशेब सोपा होता. गावात दोन्ही आळ्यांत ज्यांच्या घरचा चहा चालतो असं एकच घर उरलं होतं, त्या दाढीमुळे. साहेब म्हणाले, "काकूंना आमच्याकडून उभं करू." मालकांनी घसा साफ केला आणि अटींना सुरुवात केली. साहेब चहाची बशी हातात घेऊन ऐकत होते, म्हणजे घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात काकू आतून आल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्या बैठकीत त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, एक खोली पाहिजे."

"कसली?"

"तुमच्या शाळेतली. मागची, मोडके बाक टाकलेत ती. टोळ्या येतेत तव्हा लेकरं तिथं बसतील. आन बघायला एक बाई लावून द्या."

साहेबांना वाटलं पुढे आणखी काही आहे. "एवढंच?"

"एवढंच. पण उद्याच."

साहेबांनी तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही शिक्षक मोडके बाक डोक्यावर घेऊन आवारात फिरत होतो. दुपारी काकूंनी येऊन खोली बघितली, फरशीवर पाणी मारून घेतलं, संध्याकाळी साहेबांच्या हातून उपरणं घेतलं आणि घरी आल्यावर खुंटीला टांगलं.

त्या दिवशी मालकांचा आवाज माडीपर्यंत येत होता.

"तुला पटलं तरी का त्या पक्षाचं?"

"काय पटायचंय? खोली मोकळी झाली का न्हाई?"

"उद्या त्यो पक्ष सोडून पळंल. गेल्या टायमाला पळाला तसा."

"पळू द्या की. खोली कशी घेऊन जाईल?"

दोन दिवस मालक माझ्याशी बोलले नाहीत, जणू खोली मी दिली होती.

प्रचारात ते नव्हते, पण घरात बसून राहणंही जमेना. काकूंची बायकांची फेरी पुढे गेली की मागून हे जायचे. कुणी विचारलं, मालक, कुणाला देऊ, तर सांगायचे, "बाई चांगली हाय. पक्ष भिकार हाय. तुमचं तुमी बघा." अख्ख्या गणात त्यांनी हे एवढंच सांगितलं. पक्षाला कंटाळलेल्या लोकांना वाटलं, चला, नवरा तरी खरं बोलतोय. विरोधकांची मतंसुद्धा काकूंना पडली. निकालाच्या दिवशी साहेब गाडीतून उतरून आधी मालकांकडे आले आणि त्यांना मिठी मारून म्हणाले, "तुमच्याइतका पक्का कार्यकर्ता तालुक्यात न्हाई."

हे ऐकून मालक घरी येऊन पांघरूण घेऊन झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. ताप आला नव्हता. मी हात लावून पाहिला होता.

सभापतीची निवड व्हायची होती. अशा वेळी निवडून आलेल्यांना विरोधकांनी फोडू नये म्हणून सहलीला नेऊन ठेवायची आमच्याकडे रीत आहे. लोकशाहीत जनावरांच्या बाजारातून जेवढं घेता येईल तेवढं आम्ही घेतलं आहे. दारात गाडी आली. साहेबांचा माणूस काकूंना म्हणाला, कपडे घ्या, चार दिवस थंड हवेला जायचंय.

"मी कुणाला मत देणार ते सांगितलंय," काकू म्हणाल्या. "मग कोंडून कशापायी ठेवायचं? मी घरीच हाय."

साहेबांना शब्दावर राहायची सवय नव्हती. त्यांनी आमच्या फाटकावर दोन माणसं बसवली. मालकांना फार दिवसांनी हक्काचे श्रोते मिळाले. ते खुर्ची घेऊन फाटकाशी बसले, चहा मागवला आणि बशा भरल्यावर विचारलं, "तुमी दोघं ह्या पक्षात कावून?" संध्याकाळपर्यंत एक माणूस पोट दुखतंय म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही नवे होते. तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही.

निवडीच्या दिवशी शाळेला सुट्टी दिली होती, टाळ्यांसाठी. मालक काकूंना मोटारसायकलवरून तालुक्याला घेऊन आले आणि पंचायत समितीच्या आवारात लिंबाखाली उभे राहिले. मी त्यांच्याजवळ जाऊन थांबलो. सभापतीपदाला साहेबांचा पुतण्या उभा होता. मालकांना साहेबांच्या पक्षातला कोण जास्त नापसंत असं विचारलं असतं, तर त्यांनी त्याचंच नाव घेतलं असतं. आतापर्यंत ते त्याच्याविषयी काकूंशी एक शब्दही बोलले नव्हते. त्यांना ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना होती.

"सर," ते मला म्हणाले, "तिला कळत असंल का, कसला माणूस हाय त्यो?"

"कळत असेल."

"मग?"

तेवढ्यात आतून ताशा वाजला. पुतण्या निवडून आला होता. गुलालाची पोती फुटली, माणसं एकमेकांना रंगवत बाहेर पडली. त्यांतून काकू आल्या, कपाळापासून खांद्यापर्यंत आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. कुणीतरी मूठभर गुलाल घेऊन मालकांकडे वळलं, तसे मालक चटकन माझ्या मागे सरकले. पांढऱ्या सदऱ्यावर कण पडला नाही.

"चला घरी," काकू म्हणाल्या. "भूक लागलीय."

"कुणाला दिलंस?"

"त्यालाच. शब्द दिलता."

"त्यो माणूस बरा न्हाई."

"मला कुठं त्याच्या घरात नांदायचंय," काकू म्हणाल्या. "तुमच्या घरात नांदले. तुमचं तरी समदं कुठं पटत हुतं?"

आजूबाजूला ताशा चालला होता, तरी मला ते नीट ऐकू आलं. त्या रागानं बोलल्या नव्हत्या. बाजारात भाजी कशी दिली सांगावं तसं सांगितलं. मालकांनी मोटारसायकलला किक मारली. ती लागली नाही. पुन्हा मारली.

"गुलाल पूस आधी," गाडी चालू झाल्यावर ते म्हणाले.

"घरी गेल्यावर धुते," म्हणून काकू मागे बसल्या.

मी माझ्या गाडीवरून त्यांच्या मागे निघालो. सिरसाळ्याकडचा रस्ता तेव्हा उखडलेला होता. पहिल्याच खड्ड्यात गाडी आदळली आणि काकूंनी मालकांचा खांदा धरला. पुढच्या खड्ड्यात दुसरा हात पाठीवर टेकवला. घर येईपर्यंत मालकांची पाठ लालभडक झाली होती, पाचही बोटं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट.

गावात शिरताना पारावरच्या लोकांनी ती पाहिली. मालक मान ताठ ठेवून, कुणाकडे न बघता पुढे गेले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मीही नाही.